सोमवारी १३००, रविवारी २८००: अडकलेले वजन आणि आठवड्याचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्त्री, वय ३६, उंची १५८ सेंटिमीटर, हिंजवडीत दिवसभर खुर्चीवरचे काम. सोमवार ते शुक्रवार रोज साधारण १३०० कॅलरींचा आहार काटेकोर पाळून वजन ७६ वरून ७२ किलोवर आले, पण गेले दोन महिने काटा तिथेच थांबला आहे. रोज एकाच मापाने खाल्ले तर शरीराला त्याची सवय होऊन चयापचय मंदावतो, म्हणून एक दिवस १००० आणि दुसऱ्या दिवशी २००० असे आलटून पालटून खाऊन शरीराला चकवावे, असे तुमच्या वाचनात आले आहे आणि तसे करावे का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे की, शनिवार-रविवारी ‘थोडे सैल’ असते आणि अधूनमधून सिंहगडही होतो. पुण्यात आहारसल्ल्याचे काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा अशा जाता जाता लिहिलेल्या वाक्यातच सापडते.

तुमचा आहार आजही रोज सारखा नाही. आठवड्याच्या आत तो भरपूर कमी-जास्त होतो आहे, मात्र तो ठरवून होत नाही. त्यामुळे ‘सारखे खावे की बदलून खावे’ यापेक्षा ‘जो बदल होतोच आहे तो किती आणि कोणत्या दिवशी व्हावा’ हा तुमचा खरा प्रश्न आहे, असे मी समजतो आणि त्याचेच उत्तर देतो.

आधी हिशेब मांडू. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचे १९९० सालचे सूत्र तुमच्या मापांना लावले तर पूर्ण विश्रांतीत शरीराला दिवसाला सुमारे १३६५ कॅलरी लागतात, आणि बैठ्या दिनक्रमातली हालचाल धरली की हा आकडा १८५० च्या आसपास जातो. हे सूत्र परदेशी लोकांच्या मोजमापांवरून बसवलेले आहे आणि आपल्याकडे त्याच वजनाला चरबी जास्त व स्नायू कमी असतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून हे दाखवले होते: दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. म्हणून १८५० हा आकडा तुमच्या बाबतीत वरच्या बाजूचा समजावा.

या दराने आठवड्याचा खर्च १२,९५० कॅलरी होतो. सोमवार ते शुक्रवारचे तुमचे खाणे ६५०० झाले. शनिवारचे २६०० आणि रविवारचे २८०० धरले तर आठवड्याची बेरीज ११,९०० होते, म्हणजे पाच दिवस एवढा संयम पाळून आठवड्याकाठी तूट पडली फक्त १०५० कॅलरींची. एक किलो चरबीसाठी ढोबळमानाने ७७०० कॅलरींची तूट लागते, त्यामुळे आठवड्याला घट झाली सुमारे १३५ ग्रॅम आणि दोन महिन्यांत जेमतेम एक किलो. एवढा फरक शरीरातल्या पाण्याच्या चढउतारात सहज लपतो. शिवाय रोजचे १३०० हे खरोखर १३०० असतील तरच ही घट होणार. भाजीच्या फोडणीत तुमच्या वाट्याला रोज एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, तेल न मोजता येत असेल तर त्या १२० कॅलरी आठवड्याला ८४० होतात आणि तूट जवळपास संपते. चयापचय मंदावल्याचा संशय घेण्याआधी ही बेरीज तपासावी.

रविवारचे २८०० तुम्हाला फुगवून सांगितल्यासारखे वाटतील, म्हणून माझ्याकडच्या नोंदवह्यांमध्ये जसा रविवार दिसतो तसा इथे उतरवतो. सकाळी बाहेर मिसळ, सोबत तीन पाव आणि वरून मागून घेतलेले फरसाण, सुमारे ६५०. दिवसभरात साखरेचे दोन चहा, १७०. दुपारी चिकनचा रस्सा, दोन भाकऱ्या, भात आणि सोबत तळलेले काहीतरी, ९०० च्या घरात. संध्याकाळी मुलांबरोबर एक मस्तानी, ५००. रात्री ‘आता हलकेच’ म्हणून पावभाजी, ६००. बेरीज २८२०. यात बेताल असे काहीच नाही, कुठलेही पुणेकर कुटुंब सुटीच्या दिवशी असेच खाते. प्रत्येक पदार्थ एकेकटा पाहिला तर माफक वाटतो, आणि म्हणूनच सांगणारा प्रामाणिकपणे ‘थोडे सैल’ असे म्हणतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहार कमी केलेल्या लोकांचे वजन आठवडाभर उतरत होते आणि सुटीच्या दिवसांत उतरायचे थांबत होते, असेच दिसले होते.

आता शरीराला चकवण्याविषयी. कमी खाल्ल्यावर शरीराचा खर्च घटतो हे खरे आहे. त्यातला मोठा भाग सरळ असतो: ७२ किलोचे शरीर हलवायला ७६ किलोच्या शरीरापेक्षा कमी ऊर्जा लागते. उरलेला भाग नकळत कमी होणाऱ्या हालचालींचा आणि भूक आवरणाऱ्या लेप्टिनसारख्या संप्रेरकांच्या घटीचा असतो. पण हे सगळे आठवडे आणि महिन्यांच्या एकूण तुटीवर अवलंबून असते. अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून केलेल्या प्रयोगात हा परिणाम ठळकपणे दिसला होता, आणि तो दीर्घ उपासमारीचा परिणाम होता. एखाद्या दिवशी भरपूर भात-पोळी खाल्ली तर लेप्टिन थोडे वाढते, पण पुन्हा कमी खायला लागताच ते उतरते. मंगळवारी १००० आणि बुधवारी २००० खाल्ल्यास शरीराच्या लेखी ते सरासरी १५०० च असतात.

प्रत्यक्ष चाचण्याही हेच सांगतात. इंग्लंडमध्ये मिशेल हार्वी आणि सहकाऱ्यांनी १०७ स्त्रियांवर केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने आठवड्यातले दोन दिवस खूप कमी खाल्ले आणि दुसऱ्याने रोज थोडे कमी खाल्ले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत वजनाची घट जवळपास सारखी होती. शिकागोत १०० जणांवर वर्षभर चाललेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक दिवसाआड उपास करणाऱ्यांना जास्तीचा लाभ झाला नाहीच, उलट त्यांच्यातले ३८ टक्के लोक मधेच गळाले, तर रोज सारखे कमी खाणाऱ्यांतले २९ टक्के. मला त्यातला आणखी एक तपशील महत्त्वाचा वाटतो. उपासाच्या दिवशी ते लोक ठरवल्यापेक्षा जास्त खात होते आणि भरपेट दिवशी ठरवल्यापेक्षा कमी, म्हणजे कागदावरचा मोठा चढउतार जगताना आपोआप बुजत होता.

म्हणून १०००-२००० ची आलटापालट मी तुम्हाला सुचवणार नाही. १००० च्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास कचेरीच्या कॅन्टीनमध्ये वड्याचा वास आला की पुढचा दिवस आजच सुरू होतो. शिवाय घरात चौघांचा स्वयंपाक एकाच गॅसवर होतो आणि एकीसाठी दर दिवसाआड वेगळे ताट मांडणे फार काळ चालत नाही.

तरीही माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना मी आठवड्यात कमी-जास्त आहार ठरवून देतो. कारण एवढेच की त्यांचा आठवडाच मुळात एकसारखा नसतो. रविवारी बहीण जेवायला येणार, शनिवारी कोणाचा तरी वाढदिवस असणार, हे ठाऊक असताना सातही दिवस एकच आकडा लिहून देणे म्हणजे दोन दिवस तो मोडणार हे आधीच मान्य करणे होय. आणि एकदा मोडला की ‘आज गेलाच आहे दिवस, आता उद्यापासून’ या विचाराने रात्रीचे जेवणही हाताबाहेर जाते. रविवारचा आकडा मुळातच मोठा असेल तर तो पाळता येतो, हा माझ्या अनुभवातला सर्वांत मोठा फायदा आहे.

तुमच्यासाठी मी सरासरी दिवसाला १४५० धरीन, म्हणजे आठवड्याला १०,१५०. त्याची वाटणी अशी: सोमवार ते शुक्रवार १३५०, शनिवारी १६००, रविवारी १८००. आठवड्याची तूट २८०० होते, म्हणजे कागदावर सुमारे ३६० ग्रॅम आणि प्रत्यक्षात बहुधा थोडी कमी. पाहा, कामाच्या दिवसांत तुम्हाला आत्तापेक्षा ५० कॅलरी जास्तच मिळत आहेत, सगळी कपात सुटीच्या दोन दिवसांतून येते. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा दिवस यांत साडेचारशे-पाचशेपेक्षा जास्त अंतर मी सहसा ठेवत नाही, आणि खालचा दिवस विश्रांतीच्या गरजेच्या फार खाली नेत नाही. सोमवार ते शुक्रवार फार ताणले तर शनिवारी सकाळीच भूक वचपा काढते, आणि तुमच्या आत्ताच्या आठवड्यात बहुधा तेच होते आहे.

वरच्या दिवशीच्या जादा कॅलरी कुठे वापरायच्या हे आधीच ठरवावे. रविवारचे जास्तीचे ४५० म्हणजे मिसळ किंवा मस्तानी, दोन्ही नव्हे, आणि त्या ४५० मध्येही मिसळ बसवायची तर पाव एक आणि वरचे फरसाण नको. दुपारचे घरचे जेवण त्या दिवशीही नेहमीच्याच मापाचे राहते. शनिवारचे २५० एखाद्या गोडाला किंवा बाहेरच्या एका पदार्थाला पुरतात.

खालच्या दिवशी काय कमी करायचे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पोळ्या, भात, तेल, साखर यांत कपात करावी. डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांना हात लावू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस निरोगी प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, पण वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून मी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरतो, म्हणजे तुम्हाला रोज ७० ते ८५ ग्रॅम. वरणाच्या एका वाटीत ६-७ ग्रॅमच प्रथिने असतात, त्यामुळे शाकाहारी घरात हा आकडा आपोआप गाठला जात नाही. अर्धी वाटी सुका सोयाबीन वडीचा चुरा, १०० ग्रॅम पनीर किंवा मोड आलेल्या कडधान्याची घट्ट उसळ यांपैकी काहीतरी रोजच्या ताटात मुद्दाम आणावे लागते. सातही दिवस प्रथिने सारखी आणि धान्य व स्निग्ध पदार्थ कमी-जास्त, असे केले की खालचा दिवसही उपाशी वाटत नाही.

उपासाचे दिवस ‘कमी कॅलरीचे’ म्हणून वापरावेत का, हे पुण्यात सगळेच विचारतात. संकष्टी तुमच्या घरी पाळली जात असेल तर ती जरूर पाळावी, पण तिला खालचा दिवस समजू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. कोरड्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी असतात आणि प्रथिने नावापुरती. त्यात ३० ग्रॅम दाण्याचे कूट म्हणजे आणखी १७०, वर तूप आणि बटाटा. खिचडीची एक बशी ४०० ते ५०० ला जाते, आणि चंद्रोदयानंतरचे जेवण मोदकांसह वेगळेच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. उपास करायचाच तर भगर आणि दाण्याची पातळ आमटी, ताक, दही, एखादे फळ अशा मापात करावा आणि तो दिवस नेहमीच्या १३५० मध्येच मोजावा.

सिंहगडाच्या दिवशी तुमचे घड्याळ ९०० कॅलरी दाखवते, तेवढ्या जास्त खाव्यात का? माझे उत्तर नाही असे आहे. आतकरवाडीची वाट सुमारे ६०० मीटर चढते. ७२ किलोचे शरीर तेवढे वर उचलण्याचे निव्वळ काम १०० कॅलरींच्या आसपास होते, आणि स्नायू वापरलेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच कामात आणतात, म्हणून चढाईचा खर्च ४०० ते ५०० धरावा, उतरण्याचा पुष्कळ कमी. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही घेतले की सहज ८०० होतात. गड जरूर चढावा, पाय आणि हृदय दोन्हींसाठी तो उत्तम व्यायाम आहे. पिठलं-भाकरी त्या रविवारच्या १८०० मध्ये बसते, फक्त त्या दिवशी तेच तुमचे ‘जास्तीचे’ समजावे आणि भजी चौघांत एक बशी घ्यावी.

इथवरचे सार असे की, आठवड्याची बेरीज वजन ठरवते, आणि कमी-जास्त वाटणी ती बेरीज पाळणे सोपे करते. या वाटणीमुळे एक गोंधळ मात्र होतो. खाल्लेले पिष्ट शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते आणि रविवारचे मीठही पाणी धरते, त्यामुळे सोमवारी सकाळी काटा एक-दीड किलो वर दिसणे अगदी स्वाभाविक आहे. ती चरबी नसते, दीड किलो चरबी चढायला ११,००० पेक्षा जास्त कॅलरी वरकड खाव्या लागतील. पण तो आकडा पाहून घाबरून सोमवारी नुसत्या सूपवर राहिले की आठवडा पुन्हा जुन्या वळणावर जातो. एक तर रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी लिहावी, नाहीतर शुक्रवारी सकाळी एकदाच करावे. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी पाणी साठते, म्हणून तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या त्याच टप्प्याशी करावी. कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते.

गणपती आणि दिवाळीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल. त्या आठ-दहा दिवसांत वजन उतरवण्याचा हट्ट मी सोडायला सांगतो आणि आहे ते टिकवण्याचा आहार, म्हणजे तुमच्या बाबतीत दिवसाला सुमारे १८००, ठरवून देतो. टास्मानिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये ५१ लठ्ठ पुरुषांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात दोन आठवडे कमी आहार आणि दोन आठवडे वजन टिकवणारा आहार असे करणाऱ्यांचे वजन सलग १६ आठवडे कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले, मात्र त्यांना एकूण ३० आठवडे लागले आणि मधल्या आठवड्यांचा आहारही मोजून दिलेला होता. व्यायाम करणाऱ्या लोकांवरच्या नंतरच्या प्रयोगांत हा जादा लाभ दिसला नाही. तरी अशा विरामाने नुकसान होत नाही आणि माणूस टिकून राहतो, एवढे मला पुरेसे आहे.

काही परिस्थितींत मात्र यातले काहीही स्वतःहून करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर कमी खाण्याच्या दिवशी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिन गटातील औषधांवर असताना पिष्ट एकदम कमी करणे वेगळ्या कारणाने जोखमीचे आहे. औषधाची मात्रा डॉक्टरांनी बदलल्याशिवाय आहार बदलू नये. गर्भारपण, अंगावर पाजण्याचा काळ, मूत्रपिंडाचा विकार आणि वाढीचे वय यांतही नको. खाण्यावरचा ताबा सुटून नंतर स्वतःला शिक्षा करण्याची सवय पूर्वी कधी असेल तर वरचे-खालचे दिवस ही कल्पनाच टाळावी, अशा माणसाला रोजचे सारखे ताट बरे. तुमच्या प्रश्नात यातले काही दिसत नाही, पण थायरॉइडची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर करून घ्यावी.

चार आठवडे ही वाटणी पाळूनही सरासरी वजन हलले नाही, तर लगेच १३५० चे १२०० करू नका. आधी तेल तपासा, आणि त्यासाठी चमचे मोजण्यापेक्षा डबा पाहणे सोपे आहे. पाच लिटरचा डबा चार माणसांना महिनाभर पुरत असेल तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी, आणि त्यातले निम्मे तरी तुमच्या १३५० च्या नोंदीत आले नसण्याची शक्यता मोठी आहे. डबा दीड महिना पुरेल असे केले तर रोजच्या शंभराहून जास्त कॅलरी पोळी कमी न करताच वाचतात. त्यानंतरही आणखी चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर तुमचा खरा खर्च १८५० पेक्षा कमी आहे असे धरावे आणि सरासरी १४५० वरून १३५० वर आणावी. ती कपात एक-दोन दिवसांवर लादू नये, सातही दिवसांच्या रात्रीच्या जेवणातून सारखी करावी.